अमेरिकेत अर्थशास्त्राची पदवी झाली, आता मेडिकलला जायचंय. कुठला पोस्ट-बॅक निवडू?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकदा मांडते, म्हणजे मी कशाच्या आधारावर बोलतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय २७, न्यू जर्सीत राहता, ग्रीन कार्ड आहे. अर्थशास्त्राची पदवी इथल्याच विद्यापीठाची, जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.३. कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स सोडलं तर सायन्सचा एकही विषय नाही. इन्शुरन्स कंपनीत नोकरी. समोर तीन वाटा आहेत: नोकरी सोडून एक वर्षाचा नावाजलेला पोस्ट-बॅक (पदवीनंतर मेडिकलला लागणारे सायन्सचे विषय करायचा कोर्स), राज्याच्या विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग, किंवा नाशिकचे काका म्हणतात तसं एका वर्षाचं ‘स्पेशल मास्टर्स’, कारण मेडिकल नाहीच मिळालं तर निदान एक पदवी हातात राहील.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं, लग्नानंतर एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) इथे आले आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर ३१ व्या वर्षी केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले. सध्या पेनसिल्वेनियात फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यानंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) करतेय. या वाटेवरून चालत आलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकांचा सल्ला मायेपोटी आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणचं स्पेशल मास्टर्स हे सायन्सचे विषय आधीच झालेल्या, पण त्यात मार्क कमी पडलेल्या मुलांसाठी असतं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास तिथे करायचा आणि ‘हे मला झेपतं’ एवढं दाखवायचं. तुम्ही अजून जनरल केमिस्ट्रीच केलेली नाही. शिवाय त्या मास्टर्सचे मार्क पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, वेगळ्या ओळीत दिसतात. आणि तिथे घसरलं तर नंतर ते भरून काढायला फारशी जागा उरत नाही. ‘निदान पदवी तरी’ हा आपल्याकडच्या घरांतला विचार मला चांगला ठाऊक आहे, माझ्या सासऱ्यांनीही हेच सुचवलं होतं. पण त्या पदवीचा मेडिकलच्या बाहेर तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही.

तुम्हाला हवा आहे करिअर बदलणाऱ्यांसाठीचा पोस्ट-बॅक. इथे मेडिकलला बारावीनंतर नव्हे, चार वर्षांच्या पदवीनंतर जातात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स एकेक वर्ष, प्रयोगशाळेसकट, आणि वर बायोकेमिस्ट्री लागते. हे सगळं मिळून साधारण ३६ क्रेडिट होतात (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप).

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा तुमचे पदवीचे १२० क्रेडिट ३.३ ने झालेत. पुढचे ३६ क्रेडिट तुम्ही ३.९ ने केले, तर एकूण जीपीए होतो ३.४४. एवढ्या कष्टानंतर फक्त तेवढाच, असं वाटेल. पण मेडिकल कॉलेजं दुसरा आकडाही बघतात: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या विषयांचा वेगळा जीपीए. तुमचे त्यातले आधीचे क्रेडिट आठेक असतील. ते बी ग्रेडचे (म्हणजे ३.०) धरले तरी हा सायन्सचा जीपीए जातो ३.७४ वर. प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी एकूण जीपीए ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५२८ पैकी ५११-५१२, हे लक्षात घेतलं की तुमची जागा दिसते. एकूण आकडा मागे आहे, सायन्सचा आकडा अजून कोरा आहे आणि तो चांगला लिहिणं तुमच्या हातात आहे. म्हणून माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीवर येतं: जिथे तुम्हाला ए मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो प्रोग्राम निवडा. कॉलेजचं नाव त्यानंतर बघा.

हे मी पहिल्याच सेमिस्टरला केलं नाही. नोकरी पूर्णवेळ, मुलगा तीन वर्षांचा, आणि मी केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी तिन्ही एकदम घेतले. पुण्यात सेमिस्टरला सहा-सहा पेपर दिले होते, तीन म्हणजे काय मोठं, असा हिशोब होता. पण इथे शेवटच्या परीक्षेच्या आधी रात्री जागून भागत नाही. दर आठवड्याला क्विझ, लॅब रिपोर्ट, गृहपाठ, आणि सगळ्याचे मार्क धरतात. केमिस्ट्रीत सी प्लस आला. तो विषय मी पुन्हा केला, ए मिळवला, पण एमडीच्या (इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्जात दोन्ही ग्रेड मोजले जातात. जुना पुसला जात नाही. माझी इंजिनिअरिंगची पदवी भारतातली, आणि परदेशातले मार्क तिथल्या जीपीएत धरतच नाहीत, त्यामुळे माझा जीपीए शून्यापासून सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच ओळीत सी प्लस बसला. प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये त्याबद्दल विचारलं गेलं.

आता एक वर्षाच्या प्रोग्रामकडे येते. ब्रिन मॉर, गाऊचर, स्क्रिप्स ही यातली जुनी आणि खरोखर चांगली नावं. वर्ग लहान, मार्गदर्शन हाताला धरून केलेलं. ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज असलं तरी हा प्रोग्राम मुलग्यांनाही खुला आहे. फिलाडेल्फियाच्या अगदी लगत आहे ते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी त्याच शहरात डॉक्टर झाल्या. पहिल्यांदा त्या गावाच्या स्टेशनवर उतरले तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली होती. पण या ठिकाणी प्रवेशच चुरशीचा आहे, आणि घेतलेल्यांचा जीपीए सहसा ३.३ पेक्षा बराच वर असतो. सायन्सचे बहुतेक विषय झालेल्यांना ते घेत नाहीत, पूर्ण कोरे किंवा जवळपास कोरे विद्यार्थीच हवे असतात. म्हणजे ‘आधी संध्याकाळी दोन वर्षं करून बघते, मग तिकडे अर्ज करते’ असं जमणार नाही. अर्ज करायचाच असेल तर आत्ता करा.

या प्रोग्रामचं मोठं आकर्षण म्हणजे लिंकेज. ठरावीक मेडिकल कॉलेजांशी त्यांचा करार असतो. कोर्स चालू असतानाच अर्ज करता येतो आणि अट पाळली की मेमध्ये पोस्ट-बॅक संपवून त्याच ऑगस्टला मेडिकलमध्ये. लिंकेज नसेल तर कोर्स संपल्यावर जूनमध्ये अर्ज, हिवाळ्यापर्यंत इंटरव्ह्यू आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या रिकाम्या वर्षाला इथे ग्लाइड इयर म्हणतात, आणि ‘एक वर्षाचा प्रोग्राम’ म्हणताना हे वर्ष कोणी मोजत नाही. पण लिंकेजमधून जागा मिळाली तर दुसरीकडे बघायचं नाही, असा शब्द द्यावा लागतो. ज्या कॉलेजात तुम्ही खरंच चार वर्षं राहाल, तिथेच लिंक करा.

यशाच्या टक्केवारीबद्दल मात्र मी जरा हट्टाने सांगेन. मी शोधाशोध करत होते तेव्हा एका प्रोग्रामच्या माहितीपत्रकात नव्वदच्या पुढचा आकडा होता. मी फोन करून विचारलं, ‘हे टक्के कोणापैकी? पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्यांपैकी का?’ बराच वेळ फिरवून उत्तर आलं: आमच्या कमिटीने ज्यांना शिफारसपत्र दिलं त्यांच्यापैकी. आणि ते पत्र मिळायला किमान जीपीएची अट होती. म्हणजे मध्येच सोडून गेलेले, अटीखाली राहिलेले, पत्र नाकारलेले, हे सगळे आधीच हिशोबातून बाहेर. एका दृष्टीने कमिटी लेटर ही मोठी मदत आहे, मेडिकल कॉलेजं त्याला वजन देतात. पण ते कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हे भरती होण्याआधी विचारायलाच हवं. मला सर्वांत पटलेलं उत्तर एका छोट्या सरकारी विद्यापीठाच्या सल्लागार बाईंचं होतं. त्यांनी टक्का सांगितलाच नाही. मागच्या तीन वर्षांत किती जण सुरू झाले, किती संपवून गेले, किती अजून शिकतायत, किती पीएकडे (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या सोबत रुग्ण तपासणारे) किंवा नर्सिंगकडे वळले, हे ओळीने सांगितलं. मी तिथेच गेले.

पैशाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. खासगी कॉलेजातला पूर्ण वेळचा पोस्ट-बॅक म्हणजे फीचे हजारो डॉलर, आणि वर एक वर्ष पगार नाही. आणि कर्जाचे नियम बदललेत: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्र सरकारचं एक कर्ज) मिळणार नाही, आणि मेडिकलसाठी केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. खासगी मेडिकल कॉलेजचा खर्च त्यापेक्षा सहज जास्त होतो. आज पोस्ट-बॅकवर घालवलेला प्रत्येक डॉलर पुढे खासगी बँकेच्या व्याजाने परत येऊ शकतो. कोलंबियाच्या स्कूल ऑफ जनरल स्टडीजचा प्रोग्राम १९५५ पासूनचा आहे, न्यू जर्सीतून जाता येण्यासारखाही आहे, पण फीच्या बाबतीत तोही महाग गटातलाच.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर एक वर्षाच्या एक-दोन प्रोग्रामला यंदा अर्ज केला असता, आणि तिथून होकार लिंकेजच्या खऱ्या आशेसकट आला तरच नोकरी सोडली असती. नाहीतर राज्याच्या विद्यापीठाचा औपचारिक पोस्ट-बॅक. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी, दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक आणि फिजिक्स, मग बायोकेमिस्ट्री आणि एमकॅट. पहिल्या सेमिस्टरला मात्र फक्त एक विषय, केमिस्ट्री. बायोलॉजी उन्हाळ्यात भरून काढता येते.

‘औपचारिक’ हा शब्द मुद्दाम वापरला. नुसतं नॉन-डिग्री (कुठल्या प्रोग्राममध्ये नसलेला, सुटे विषय घेणारा) विद्यार्थी म्हणून नाव घातलं तर वर्ग निवडायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर लॅबच्या जागा भरलेल्या असतात. कमिटी लेटरही बहुधा मिळत नाही.

दवाखान्याचा अनुभव मात्र प्रोग्राम कुठलाही असला तरी आजच सुरू करा, शनिवारी चार तास का होईना. मी हॉस्पिटलात स्वयंसेवक होते. एकदा मुलाकडे आलेल्या साताऱ्याच्या आजींपाशी मला बसवलं, कारण त्या इंग्रजी बोलत नव्हत्या. आजाराबद्दलचं भाषांतर मला करायची परवानगी नव्हती, त्यासाठी फोनवर प्रशिक्षित दुभाषी आला. मी फक्त हात धरून बसले आणि त्यांच्या गावच्या पावसाबद्दल ऐकलं. पण डॉक्टर प्रश्न कसा विचारतात, रुग्ण कुठे थांबतो, काय लपवतो, हे तिथे बसून मी जेवढं शिकले ते पुढे प्रत्येक अर्जात आणि इंटरव्ह्यूत बोलायला माझ्याकडे होतं.

तुमच्यासारखंच वाचणाऱ्या, पण एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्या कोणासाठी: अमेरिकन मेडिकल कॉलेजांपैकी बरीचशी ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांना घेतच नाहीत, आणि घेणारी काही जण फीचे पैसे आधीच बाजूला ठेवायला लावतात. पोस्ट-बॅकची फी भरण्याआधी ही यादी तपासा. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले ते याचसाठी.

आणि संध्याकाळचे वर्ग घेणार असाल तर डिपॉझिट भरण्याआधी एवढं नक्की विचारा: ऑर्गॅनिकची लॅबसुद्धा संध्याकाळीच आहे का? लेक्चर सहाला असतं आणि लॅब फक्त दुपारी एक ते पाच, असं अनेक ठिकाणी असतं. मला ते दुसऱ्या वर्षी कळलं, आणि सेमिस्टरभर दर बुधवारी दुपारी अर्धी रजा मागायला मॅनेजरच्या दारात उभं राहावं लागलं.