खडसावणे म्हणजे नेमकं काय? रागावणे, दटावणे यांपेक्षा ते वेगळं कसं?

खडसावणे म्हणजे एखाद्याला त्याची चूक तोंडावर, कडक शब्दांत आणि स्पष्ट सांगणे. आवाज चढेलच असं नाही, पण बोलण्यात गुळमुळीतपणा नसतो. म्हणूनच ‘खडसावून विचारलं’, ‘खडसावून सांगितलं’ अशी रूपं सतत कानावर पडतात. ‘न्यायालयाने सरकारला खडसावले’ हा मथळाही ओळखीचा असेल. तिथे ‘रागावले’ शोभणारच नाही.

दटावणं त्याहून सौम्य. पाहुण्यांसमोर मूल मध्येच बोलायला लागलं, की आई नुसते डोळे मोठे करते आणि ते गप्प बसतं, हे दटावणं. ‘झापणे’ मित्रांत, ऑफिसात बोलताना ठीक, पण अर्जात किंवा अहवालात लिहू नका.

रागावणेची गंमत मला फार आवडते. ‘बाबा माझ्यावर रागावले’ म्हणजे त्यांच्या मनात राग आहे, कदाचित अबोलाही असेल. ‘बाबा मला रागावले’ म्हणजे ते मला बोलले. एका प्रत्ययाने अर्थ पालटतो! खडसावणेला मात्र भूतकाळात ‘ने’ (आदरार्थी ‘नी’) लागतो: ‘बाबांनी मला खडसावलं’. ‘बाबा मला खडसावले’ हे चूक.