पाळणाघरात घातल्यापासून मुलगी सारखी आजारी पडतेय, इम्युनिटी कमी आहे का?

नाही हो, बहुतेक वेळा इम्युनिटी ठीकच असते. तुमची मुलगी दीड वर्षाची, आत्तापर्यंत घरात आजीजवळ होती आणि आता एकदम दहा-बारा मुलांत गेलीय, तर पहिल्या वर्षात ८ ते १० वेळा सर्दी-ताप होणं नॉर्मलच धरतात. सर्दी करणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १०० च्या वर प्रकार आहेत, एक गेला की दुसरा हजर, त्यात खोकला दोन आठवडे रेंगाळतो म्हणून वाटतं आजार सुटतच नाहीये.

मुंबईतलं पाळणाघर म्हणजे बऱ्याचदा वन बीएचकेचा हॉल, पावसाळ्यात खिडक्या बंद, एकाने चोखलेला ठोकळा लगेच दुसऱ्याच्या तोंडात. तिथल्या ताईंना सांगा खिडकी थोडी उघडी ठेवा आणि डायपर बदलल्यावर साबणानेच हात धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही.

अँटिबायोटिक मागू नका प्लीज, व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही. फ्लूची लस मात्र घ्याच.

श्वास भरभर चाललाय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध-पाणी घेत नाहीये, शू कमी झालीय, असं काही दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या. आणि पावसाळ्यात ताप ३ दिवस उतरला नाही तर डेंग्यू-मलेरियाची टेस्ट कराच, पाळणाघरातलंच असेल म्हणून थांबू नका. वजन वाढत नसेल किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर इम्युनिटीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.