वाचकांचे प्रश्न : संशोधनाचा पेपर लिहिताना

प्रश्न : विश्लेषण होऊन बरेच दिवस झाले, पण पेपर प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदापुढे सरकत नाही. रोज पहिली ओळ खोडते आणि नव्याने लिहिते. काय करू?

प्रस्तावनेची फाईल तूर्त बंद करा. पेपर ज्या क्रमाने वाचला जातो त्या क्रमाने लिहायचा नसतो. आधी आकृत्या आणि तक्ते पक्के करा, त्यांचे प्रिंट काढा, टेबलावर मांडा आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य लिहा : यातून काय दिसतं? ‘तापमान आणि उगवण यांचा संबंध’ हा नुसता मथळा झाला. ‘३५ अंशांच्या वर उगवण झपाट्याने घटते’ हे विधान. जिच्याखाली असं विधान लिहिता येत नाही ती आकृती पुरवणीत टाका किंवा काढूनच टाका, मग ती तयार करायला कितीही वेळ लागलेला असो. उरलेल्या वाक्यांचा क्रम लावला की रिझल्ट्सचा, म्हणजे काय आढळलं त्या भागाचा, सांगाडा तयार होतो.

पुढचा क्रम असा : मेथड्स (काम कसं केलं), रिझल्ट्स, डिस्कशन (निष्कर्षांचा अर्थ), मग प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी ॲब्स्ट्रॅक्ट (सारांश). मेथड्स आधी, कारण तिथे नवं काही ठरवायचं नसतं; जे केलं ते भूतकाळात सांगायचं. पण इथेच आकडे सांडतात. मेथड्समध्ये १२० नमुने आणि तक्त्यात ११४, तर मधले सहा कुठे गेले हे रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, विचारणारच. कोणते वगळले, का वगळले आणि हा निर्णय विश्लेषणाआधी झाला की नंतर, हे तिथल्या तिथे लिहा. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि उपकरणाचं मॉडेल आजच नोंदवून ठेवा.

रोजचं म्हणाल, तर ठरलेल्या वेळी पाऊण तास पुरतो. मात्र त्या पाऊण तासात फक्त लिहायचं. संदर्भ आठवला नाही म्हणून ब्राउझर उघडला की बैठक मोडली. त्या जागी तीन प्रश्नचिन्हं टाका आणि पुढे चला. नंतर तीच खूण शोधून सगळ्या जागा एकदम भरता येतात. कालचं लिखाण सुधारायला वेगळी वेळ ठेवा. उठण्यापूर्वी उद्या कुठून सुरू करायचं ते फाईलच्या वरच लिहून ठेवा, आणि ते नेमकं असू द्या : ‘डिस्कशन पुढे नेणे’ असं नको, ‘तक्ता २ मधल्या फरकाची दोन कारणं’ असं हवं.

प्रश्न : माझं डिस्कशन म्हणजे रिझल्ट्सच पुन्हा लिहिले आहेत, असं गाईड म्हणतात. फरक कसा करायचा?

डिस्कशनमधला प्रत्येक आकडा पेनने गोल करा. पान गोलांनी भरलं तर गाईडचं बरोबर आहे. पहिल्या परिच्छेदात मूळ प्रश्नाचं थेट उत्तर द्या. पुढे प्रत्येक निष्कर्षासाठी दोन गोष्टी पाहा : आधीच्या कामाशी तो जुळतो का, आणि जुळत नसेल तर कशामुळे. तुम्हाला पटलेल्या कारणाशिवाय दुसरं कारण संभवत असेल तर ते स्वतःच मांडा. रिव्ह्यूअरने काढून दाखवण्यापेक्षा ते बरं.

मर्यादांच्या परिच्छेदात ‘नमुना लहान होता’ एवढंच लिहून भागत नाही. त्या मर्यादेने निष्कर्ष कोणत्या दिशेला झुकला असेल ते सांगा. ऑनलाइन सर्वेक्षणातून मोबाईल वापराचं प्रमाण काढलं असेल, तर न वापरणारे आधीच गळाले आणि आकडा फुगलेला असण्याची शक्यता आहे. आणखी एक हमखास चूक : फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) ठरला नाही म्हणून ‘फरक नाही’ असं लिहिणं. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांमध्ये असण्याचा अंदाज आहे तो पट्टा, द्या. तो रुंद असेल तर विदा (डेटा) कमी पडली, एवढंच म्हणता येतं.

प्रश्न : ज्यांनी फक्त निधी मिळवून दिला त्यांचं नाव लेखकांत घालावं का?

नाही, आभारात घाला. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष आहेत : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या अंगाने सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. नावांचा क्रम पहिला मसुदा होण्याआधीच बोलून घ्या. अवघड वाटतं, पण पेपर स्वीकारल्यावर हाच विषय काढणं फार महागात पडतं.

प्रश्न : जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांची मागणी, आली आहे. दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या उलट सांगतात. उत्तर कसं लिहायचं?

मेजर रिव्हिजन म्हणजे नकार नव्हे. संपादकांना पेपर अजून हवा आहे. सगळे शेरे जसेच्या तसे नव्या फाईलमध्ये घ्या आणि १.१, १.२, २.१ असे क्रमांक द्या. एका शेऱ्यात तीन मागण्या दडलेल्या असतील तर त्या सुट्या करा, नाहीतर एक हटकून सुटते. प्रत्येकाखाली तुमचं उत्तर, बदललेला मजकूर आणि पान-ओळ क्रमांक द्या. नुसतं ‘दुरुस्ती केली’ लिहिलं की रिव्ह्यूअरला सगळा पेपर चाळावा लागतो, आणि चाळताना त्याला नव्या चुका सापडतात.

शेरे परस्परविरोधी असतील तर एक बाजू निवडा, कारण द्या आणि संपादकांना लिहायच्या पत्रात तो पेच स्पष्ट मांडा, निवाडा त्यांचा. असहमत असायला हरकत नाही, आधार मात्र द्या. रिव्ह्यूअरने चुकीचं वाचलं असं वाटलं तरी ते वाक्य बदला, कारण दुसराही तसंच वाचेल. मागितलेला जादा प्रयोग शक्य नसेल तर तसं सांगा आणि त्यावर उभा असलेला दावा सौम्य करा. दावा तसाच ठेवून प्रयोग टाळला, तर पुढच्या फेरीत तोच शेरा परत येतो. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधीच वाढवून मागा.

प्रश्न : वेळ वाचवायला एकाच वेळी दोन जर्नल्सना पाठवू का?

अजिबात नको. पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, अशी हमी पाठवतानाच द्यावी लागते, आणि छोट्या विषयात दोन्ही प्रती एकाच रिव्ह्यूअरकडे जाऊ शकतात. प्रीप्रिंटची, म्हणजे रिव्ह्यूआधीच ऑनलाइन खुल्या केलेल्या मसुद्याची, गोष्ट वेगळी. पुष्कळ जर्नल्सना तो चालतो, तरी त्यांचं धोरण आधी वाचा. वेळ वाचवायचाच तर जर्नल निवडताना वाचवा : त्यांचे गेल्या वर्षभराचे अंक चाळा. तुमच्या संदर्भयादीत त्या जर्नलमधला एकही पेपर नसेल, तर रिव्ह्यूला न जाताच तुमचा पेपर परत येण्याची शक्यता दाट आहे.