विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांसमोर जायचं आहे, मुलीची तयारी कशी करून घ्यावी?

तुमची आठवीतली मुलगी तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनात मडक्यांचा फ्रीज (मोठ्या मडक्यात लहान मडकं आणि मधल्या जागेत ओली वाळू) मांडणार आहे आणि माहिती पाठ करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, तालुक्याला परीक्षक म्हणूनही बसतो. कृपा करून पाठ करून घेऊ नका. परीक्षक मधेच थांबवून "बरं, ही वाळू कशासाठी?" असं विचारतात आणि पाठ केलेल्या मुलांची गाडी तिथेच अडते. मग ती पुन्हा "नमस्कार, माझे नाव"पासून सुरू करतात. फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या कितीतरी मुलांनी काम खरंच केलेलं असतं.

एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या प्रदर्शनासाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्वाधिक, म्हणजे 20 टक्के गुण मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला आहेत, सादरीकरणाला 10. त्यामुळे आमचे बहुतेक प्रश्न एकच गोष्ट चाचपत असतात: हे हिने स्वतः केलंय का?

म्हणून तिची प्रयोगवही टेबलावर हवीच. रोज ठरावीक वेळी आतलं आणि बाहेरचं तापमान लिहिलेलं असावं. मेथीच्या सारख्या वजनाच्या दोन जुड्या घ्या, एक मडक्यात, एक बाहेर टोपलीत, आणि दोन्हींचं वजन रोज करून नोंदवायला सांगा. बाहेरची जुडी नसेल तर मडक्यामुळे भाजी टिकली हे कशावरून म्हणायचं? अजून वेळ असेल तर हे सगळं पुन्हा एकदा करायला लावा. एखाद्या दिवशी वाळूला पाणी घालायचं राहिलं आणि तापमान चढलं, तर तो आकडा खोडू नका. उलट पाण्याचंच हे काम आहे हे त्या आकड्यातून दिसतं. वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायच्या फंदात पडू नका; खाडाखोड असलेली मूळ वही मला कधीही जास्त पटते.

आता प्रश्न. वाळू पाणी धरून ठेवते, ते बाहेरच्या मडक्याच्या छिद्रांतून झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता मडक्यातून घेतली जाते, एवढं तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. पुढचा प्रश्न हमखास येतो: "पावसाळ्यात चालेल का?" हवेत बाष्प जास्त असलं की बाष्पीभवन मंदावतं, त्यामुळे मे महिन्यात नागपूरला जेवढा गारवा मिळेल तेवढा रत्नागिरीला मिळणार नाही. मर्यादा आपणहून सांगणारी मुलगी परीक्षकांच्या लक्षात राहते.

"हे आधी कोणी केलंय का?" या प्रश्नाला मुलं घाबरून "नाही सर" म्हणतात. तसं म्हणू नये. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने 1990च्या दशकात अशीच मडकी गावोगाव पोहोचवली होती, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा आणि वाळू वापरून शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. हे सरळ सांगावं आणि मग आपण आपल्या गावात, आपल्या कुंभाराच्या मडक्यांवर काय तपासलं ते सांगावं. मडकी कितीला पडली, हेही पाठोपाठ विचारतील.

सराव घ्यायचाच तर तुम्ही प्रश्न विचारू नका, तुम्हाला सगळं माहीत आहे. शेजारच्या काकूंना किंवा आजीला विचारू द्या. एखादं उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणायला तिला मोकळीक द्या. त्याने गुण जात नाहीत, ठोकून दिल्याने जातात.

थर्मोकोल आणि चमकी कागदावर खर्च नको. दोन थर्मामीटर मात्र न्या, एक आत आणि एक बाहेर. वाळू आदल्या रात्रीच भिजवा. शाळेच्या बंद हॉलमध्ये वारा नसतो, तेव्हा खिडकीजवळची जागा मिळते का ते लवकर जाऊन बघा. तरीही घरच्यापेक्षा फरक कमी आला, तर तो का आला हे परीक्षकांना तिनेच सांगावं.