संगणकाच्या पंख्याचा आवाज गाण्यात येत असेल तर गाणं मोठं करणं हाच उपाय का? घरी किती डेसिबलवर ऐकावं?

प्रश्नाखाली तुम्ही मित्राचं म्हणणं दिलंय: "गाणं जरा मोठं लाव, पंखा ऐकूच येणार नाही. सायलेंट पीसीचा खटाटोप कशाला?" नुसते आकडे विचारले असते तर दोन ओळी लिहून गप्प बसलो असतो. पण हेच वाक्य आमचे साडूभाऊ दर सणाला ऐकवतात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आकडे आधी उरकतो. समोर बसून निवांत ऐकायचं तर खुर्चीपाशी सरासरी ६० ते ७० डेसिबल पुष्कळ झाले. मधूनच तिहाईला किंवा तानेच्या कळसाला ८०पर्यंत उसळी गेली तरी बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल-हेडफोनवर ऐकणाऱ्या प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. स्पीकरलाही मी तीच लावतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ला २० तास, ८६ला १० तास, आणि साडूभाऊंच्या आवडत्या ९५ला सव्वा तास. आठवड्याचा सव्वा तास, दिवसाचा नव्हे.

आता नाना. नाना म्हणजे माझे सासरे, मिरजेला असतात, रेल्वेतून निवृत्त झालेत. सतारमेकर गल्लीत त्यांचं जाणं-येणं, दर्ग्यातला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचा उत्सव कधी चुकवत नाहीत. घरी कॅसेटींनी भरलेलं एक कपाट. त्यातल्या बऱ्याचशा बाजारातल्या नाहीतच. कुणाच्या तरी माडीवरच्या बैठका, नानांनी स्वतः टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन भरलेल्या. फिती चिकटायला लागल्या तेव्हा मी आणि बायकोने त्या संगणकावर उतरवून घेतल्या. ऐकायला यंत्र कुठलं द्यायचं, ते खातं मात्र थोरल्या जावयांनी, म्हणजे साडूभाऊंनी, स्वतःकडे घेतलं. "नानांना एकदम टॉपचं मशीन देऊ."

टॉपचं म्हणजे कसं? पुढून काचेचं कॅबिनेट, त्यात रंग बदलणारे तीन पंखे, प्रोसेसरवर डब्यातूनच येतो तो बुटका कूलर, ग्राफिक्स कार्ड (नाना फार तर रेल्वेचं वेळापत्रक बघतात), आणि गाण्यांसाठी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क थेट पत्र्याला स्क्रूने आवळलेली. समोरून काच म्हणजे हवा आत यायला जेमतेम फट. त्यामुळे पंखे कायम चढलेले.

नाना पहाटे पाचला उठून ऐकतात. त्या वेळी मिरजेत त्यांच्या खोलीत सगळं बंद असताना माझ्या फोनमधलं डेसिबल ॲप ३०च्या आसपास दाखवायचं. मशीन चालू केलं की खुर्चीपाशी ४२. महिनाभराने आम्ही गेलो तर नाना पुन्हा जुन्या टेपरेकॉर्डरवर, आणि मशीनवर सोलापुरी चादर. आवाज दाबायला टाकलेली. आत कोंडून पंखे आणखी भडकले, म्हणून मशीनच बंद. तक्रार एका शब्दाने नाही. जावयाने हौसेने दिलेली वस्तू, बोलणार कसं? मी फारच खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "खाली कुणीतरी बेसूर धरून बसलंय हो."

हे त्यांच्या कानाचे खेळ नव्हते. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झची घुंई. गायक काळी एकचा (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणारा) असेल तर त्याचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झवर पडतो. त्या हिशेबाने ही घुंई मंद्रातला शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधल्या फटीत बसते. मालकंस असो की यमन, कुठल्याच रागात तिला जागा नाही. आणि वरून पंख्यांचा सूं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, नीट लागली की तारेतून वरचे बारीक स्वर झिरपत राहतात, ते सगळ्यात आधी या सूंखाली जातात. ज्या माणसाचं आयुष्य जवारी लावणाऱ्यांच्या शेजारात गेलं, त्याला हे कळणार नाही?

दिवाळीला साडूभाऊ आले तेव्हा हा विषय निघाला. त्यांनी उठून ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवला आणि विचारलं, "बघा नाना, आता येतोय का पंखा?" नाना म्हणाले, "नाही येत, जावईबापू. आता शेजारी येतील." सगळे हसले, साडूभाऊही हसले, पण मुद्दा काही त्यांच्या पचनी पडला नाही. म्हणून तुमच्या मित्रासाठी गणित मांडतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलापातली हळुवार जागा आणि द्रुतचा कळस यांत सहज ३० डेसिबलचं अंतर असतं. कळस ७०ला ठेवला तर हळुवार जागा ४०ला येते, आणि पंखे ४२ला. गेली ती जागा. ती पंख्यांच्या वर स्वच्छ यायची तर सगळंच दहा-पंधराने वर न्यावं लागतं, म्हणजे कळस ८० ते ८५. पहाटे पाचला! निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. उलट पंखेच खाली आणले तर कळस ७०ला ठेवूनही सगळं ऐकू येतं, कान शाबूत राहतात आणि शेजारीही. किती मोठं ऐकावं हे खोली किती शांत आहे त्यावर ठरतं, एवढंच मी त्यांना इतकी वर्षं सांगतोय.

त्यांचा दुसरा मुद्दा: "कॅसेटमध्येच एवढी खरखर, तिथे पंख्याचं काय कौतुक?" वरवर बिनतोड वाटतो, पण आवाज कमी केला की कॅसेटची खरखरही कमी होते, पंखा आहे तिथेच राहतो. साध्या कॅसेटची खरखर गाण्याच्या कळसापेक्षा साधारण ५० डेसिबल खाली असते. कळस ७०ला असेल तर खरखर २०ला, म्हणजे खोलीच्या स्वतःच्या शांततेखाली गडप. शिवाय खरखर स्पीकरमधून, गाण्याबरोबरच येते, तिची कानाला सवय होते. पंखा बाजूच्या टेबलावरून बोलतो.

तिसरा मुद्दा थिएटरचा. "सिनेमावाले ८५ला सेट करतात, ते काय वेडे आहेत?" वेडे नाहीत. ते ८५ म्हणजे एकेका चॅनेलवर चाचणीचा आवाज सोडून केलेली जुळणी, मोठ्या सभागृहासाठी, आणि त्यावर २० डेसिबलची उसळी धरलेली. दहा बाय बाराच्या खोलीत तोच आकडा लावणं म्हणजे विसर्जनाची मिरवणूक दिवाणखान्यातून नेणं. वॅटचीही तीच गोष्ट. साधे बुकशेल्फ स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास देतात. ७०ला ऐकताना वॅटचा दहावा भागही जेमतेम लागतो. त्यांचा शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर नव्व्याण्णव टक्के वेळ झोपलेला असतो.

तर मशीनचं काय केलं. ग्राफिक्स कार्ड काढलं, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागतं. हार्ड डिस्क काढून गाणी एसएसडीवर (आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर) नेली; ती डिस्क आता बॅकअपपुरती बाहेरून जोडतो आणि काढून कपाटात ठेवतो. बुटका कूलर जाऊन उंच टॉवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा) आला, त्याला १२० मिलिमीटरचा एकच पंखा. कॅबिनेट बदललं, समोर जाळीचं घेतलं, मागे एक पंखा. रंगीत दिवे गेले ते गेलेच. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वॅटची मर्यादा ३५वर आणली, कारण गाणं वाजवायला त्याला काही कष्टच नाहीत, आणि पंख्याचा आलेख असा लावला की ६० अंशांपर्यंत ६०० आरपीएमच्या वर जायचंच नाही. वेग वाढवण्याआधी थोडं थांबायची सोय बायोसमध्ये असते, ती चालू करा. नाहीतर ब्राउझर उघडला की पंखा दचकून उठतो, आणि सलग आवाजापेक्षा असा खालीवर होणारा आवाज जास्त छळतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि हवा फक्त निम्मी होते. हा सौदा इतका फायद्याचा आहे की महागड्या पंख्यांच्या आधी हेच करून बघावं. नॉक्टुआचे पंखे उत्तम, पण तुमच्या आवडीचा रंग तपकिरी नसेल आणि खिसा हलका असेल तर आर्क्टिकचेही चालतात.

शेवटी मशीन चालू आहे की बंद हे फोनला सांगता येईना. नानांनी कान जवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "लागलंय ना?"

एक गोष्ट परदेशी परीक्षणं वाचताना लक्षात ठेवा. त्यांच्या खोलीत २०-२२ अंश असतात. मिरजेत मे महिन्यात दुपारी घरात ३५च्या वर जातं, आणि खोली जितकी तापेल तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. तिथे बिनपंख्याचा म्हणून गाजलेला हीटसिंक इथे उन्हाळ्यात धापा टाकू शकतो. म्हणून मी पूर्ण बिनपंख्याच्या भानगडीत पडलो नाही. सावकाश फिरणारा मोठा पंखा बरा. आणि धूळ! समोरची जाळी दोन-तीन महिन्यांनी ब्रशने झाडा.

मशीन गप्प झाल्यावर छताचा पंखा ऐकू यायला लागला, हे ओघाने आलंच. पातं हवा कापतं तो आवाज राहणार, त्याला इलाज नाही. पण दोन नंबरवर पंखा गुणगुणत असेल तर दोष बहुधा गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. तो विजेची लाट कापतो आणि मोटर घुमते. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा, फरक लगेच कळेल. वीज गेल्यावर पंखा भुणभुणत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार.

आता साडूभाऊंच्या बाजूचं एक सांगतो. हळू आवाजात खालचे स्वर आणि डग्ग्याची घुमार पातळ होते, ही त्यांची तक्रार खरी आहे. कानाचाच तो गुण आहे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. जुन्या ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं ते याचसाठी. तुमच्याकडे नसेल तर संगणकातल्या इक्वलायझरवर खालची पट्टी थोडी उचला. नॉब फिरवायची गरज नाही.

फोनच्या डेसिबल ॲपचे माझे आकडे तंतोतंत धरू नका. फोनचा माइक ३०च्या खाली स्वतःचाच आवाज मोजत बसतो. आधी-नंतरचा फरक बघायला तो ठीक आहे. शिवाय याच संगणकावर गेम खेळणार असाल तर वरचं निम्मं रद्द. मग संगणक शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून केबल काढा. आणि खरं तर फक्त गाणीच वाजवायची असतील तर हे काहीच करू नका. एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि त्याला यूएसबी डॅक (डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला कळेल असं करून देणारी डबी) घ्या, पंखाच नाही. आमच्याकडे मशीन आधीच येऊन बसलं होतं म्हणून एवढा उद्योग करावा लागला.

ॲम्प्लिफायर कुठला घ्यावा असंही तुम्ही विचारलंय. जो आहे तोच वापरा. नानांच्या मशीनमधून काढलेलं ग्राफिक्स कार्ड साडूभाऊंच्या मुलाने नेलं, आणि आता त्याच्या खोलीतून इतका घों-घों येतो की साडूभाऊ परवा फोनवर मलाच विचारत होते, तो पंख्याचा आलेख बायोसमध्ये नक्की कुठे असतो.