स्थानाचे फलन दिले असता सरासरी वेग कसा काढावा?

आपल्या प्रश्नातील फलन एस(टी) = टी³ − ६टी² + ९टी असे आहे, एस मीटरमध्ये आणि टी सेकंदांत. ० ते ४ सेकंद या काळातील सरासरी वेग आपण ९ मीटर प्रतिसेकंद काढला आणि पुस्तकात मात्र १ दिला आहे. पुस्तकाचे उत्तर बरोबर आहे. आपण विकलन (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा तात्क्षणिक दर) करून वेग काढला असावा, दोन्ही टोकांना तो ९ आल्याने त्यांची सरासरीही ९ धरली असावी. बारावीत मीही नेमके असेच करून गुण घालवले होते, त्यामुळे चूक चटकन ओळखू आली.

सरासरी वेग म्हणजे विस्थापन (शेवटचे स्थान वजा सुरुवातीचे स्थान) भागिले लागलेला वेळ. त्यासाठी विकलनाची गरजच नाही. एस(४) = ६४ − ९६ + ३६ = ४ आणि एस(०) = ०, म्हणून ४ ÷ ४ = १ मीटर प्रतिसेकंद. आलेखावर हा त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या छेदिकेचा चढ असतो, तर विकलनाने मिळतो तो एकाच बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा.

टोकांच्या वेगांची सरासरी घेण्याची सवय भौतिकशास्त्रातील एकसमान त्वरणाच्या (वेग बदलण्याचा दर कायम असलेल्या) उदाहरणांतून लागते आणि तेथे ती चालतेही, कारण तेथे वेगाचा आलेख सरळ रेषा असतो. येथे त्वरण ६टी − १२ आहे, म्हणजे ते क्षणोक्षणी बदलते. वेग ३(टी − १)(टी − ३) असा मांडला की गती डोळ्यांसमोर उभी राहते: वस्तू पहिल्या सेकंदात ४ मीटर पुढे जाते, पुढच्या दोन सेकंदांत तेवढीच मागे येऊन आरंभस्थानी पोहोचते आणि शेवटच्या सेकंदात पुन्हा ४ मीटर पुढे सरकते. हे मधले माघारी येणे टोकांच्या वेगांत कोठेच उमटत नाही. कापलेले अंतर यामुळे १२ मीटर भरते, म्हणून सरासरी चाल, म्हणजे कापलेले अंतर भागिले वेळ, ३ मीटर प्रतिसेकंद. प्रश्नात चाल विचारली आहे की वेग, हे आधी नीट वाचावे.

विकलन वापरायचेच असेल, तर मिळालेल्या वेगाचे ० ते ४ या मर्यादांत संकलन (इंटिग्रेशन, विकलनाची उलट क्रिया) करून ४ ने भागावे. उत्तर १ च येईल, केवळ वळसा पडेल. लाग्रांजच्या मध्यमान प्रमेयानुसार तात्क्षणिक वेगही मध्ये कधीतरी १ व्हायलाच हवा, आणि येथे तो दोनदा होतो, सुमारे ०.८५ व ३.१५ सेकंदांना. ३टी² − १२टी + ९ = १ हे समीकरण सोडवून आपणच ते पडताळून पाहावे.