डिझाइनच्या विद्यार्थ्यांना वस्तीतल्या लोकांबरोबर कामाला लावलं तर ते खरंच काही शिकतात का, की नुसते फोटो काढून येतात?

शिकतात. पण आमची पहिली बॅच फोटोच काढून आली होती, हे आधी कबूल करते.

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा प्रत्यक्ष कामाचा तास, घेते. विषय होता एका वस्तीतली कपडे धुण्याची जागा. मुलांनी प्रश्नावली छापली, प्लॅनच्या रंगवलेल्या शीट नेल्या. बायकांनी चहा पाजला आणि प्रत्येक शीटला ‘छान आहे’ म्हणाल्या. आम्ही खूश. ज्युरीत, म्हणजे मुलांचं काम तपासताना, बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, “त्यांनी तुम्हाला काय बदलायला लावलं?” सगळे गप्प.

यात बायकांचं काय चुकलं? प्लॅन वाचायला आपल्याच मुलांना वर्ष लागतं.

मुंबईत महिला मिलनने हा पेच फार पूर्वी सोडवला होता. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची ही संघटना, १९८६ च्या सुमारास ‘स्पार्क’ संस्थेच्या साथीने उभी राहिली. घर कसं हवं हे ठरवताना त्यांनी खऱ्या मापाचे नमुनेच उभे केले. पुढे आपल्या येरवड्यातही महिला मिलन होतं. तिथे जुन्या घरांच्या जागीच, साधारण २७० चौरस फुटांची घरं रहिवाशांशी बोलून आखली गेली. मुलांना घेऊन त्या गल्ल्यांतून एकदा चक्कर माराच.

दुसऱ्या वर्षी आम्ही शीट नेल्याच नाहीत. फक्की, सुतळी आणि विटा नेल्या आणि जागेवरच खऱ्या मापात आखणी केली. एक मावशी आखलेल्या जागेत उकिडवं बसल्या, हात हलवून बघितले आणि उठून पायाने रेघ पुसली. “शेजारणीचं सगळं पाणी माझ्या अंगावर येणार की! आणि दगड वर घे, कंबर मोडते.” दुसरीने विचारलं, धुतलेल्या कपड्यांची बादली भरेपर्यंत ठेवायची कुठे? तासाभरात तीनदा आखणी बदलली. ज्युरीत कधी तोंड न उघडणारी एक मुलगी, जी स्वतः अशाच वस्तीत वाढली होती, त्या दिवशी बाकीच्या पाच जणांना उतार कुठून काढायचा ते समजावत होती. माझ्या लेक्चरने ते झालं नसतं.

दोन गोष्टी सांभाळा. पाण्याची वेळ आणि कामाची वेळ टाळून जा; लोकांचा रोज बुडवून आपला अभ्यासक्रम पुरा करायचा नसतो. दुसरं, यातून काही बांधलं जाणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आम्ही ते पहिल्या वर्षी मोघम ठेवलं. त्या गल्लीतल्या एक आजी मला अजून विचारतात, “ओटा कधी चालू करताय?”

गटकामातली कुरकुर तुम्हाला ठाऊकच असेल: एक जण ड्रॉइंग काढतो, बाकीचे ते मोठ्या कागदावर छापायचे पैसे देतात. मी निम्मे गुण वहीला देते. कोणी काय सांगितलं, त्याने आखणीत काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही, हे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. दुसऱ्याची वही उतरवली की लगेच कळतं, कारण मावशींची वाक्यंसुद्धा तशीच्या तशी येतात.